‘बार’ : वजन, माप आणि काडतूस

मराठीत ‘बार’ ह्या शब्दाचा व्यवहार मोठा विस्तृत आहे. बंदुकीत एका वेळी भरावयाची दारू म्हणजे बार. ती पेटल्यावर होणारा आवाज हाही बारच. तंबाखूची चिमूट चुना लावून, मळून दाढेखाली ठेवली म्हणजे ‘बार भरला’. घरातले लग्नकार्य एकदाचे उरकले म्हणजे ‘बार उडाला’. आणि गाजावाजा पुष्कळ होऊन हाती काहीच लागले नाही, तर तो ‘फुसका बार’. ह्या सर्व अर्थांच्या मुळाशी एका प्रयोगापुरते बेतलेले परिमाण ही कल्पना आहे. तंबाखूच्या बाराचा बेत तळहात करतो आणि तो थोडा चुकला तरी कोणाचे काही बिघडत नाही. बंदुकीच्या बाराचे तसे नाही. तो उणा पडला तर गोळी वाटेतच राहते. अधिक झाला तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जातो. म्हणून एक बार दुसऱ्या बारासारखाच कसा भरावा, हा प्रश्न बंदुकीइतकाच जुना आहे. पुढे काडतूस निघाले, त्यानंतर धूररहित पावडर आली, पण प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच सूक्ष्म झाला. पिस्तुलाचे रिकामे काडतूस पुन्हा भरू पाहणाऱ्याला तो आजही पहिल्याच पायरीवर भेटतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे; संस्कृत ‘भार’ हा त्याचा सगोत्र शब्द. मराठीतील बंदुकीचा ‘बार’ ह्या फारसी शब्दाशी जोडणे सयुक्तिक दिसते. इंग्रजीतील ‘चार्ज’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील ‘गाडीवर माल लादणे’ ह्या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला आहे, आणि ‘लोड’ म्हणजे तर ओझेच. म्हणजे भिन्न भाषांनी ह्या वस्तूला जी नावे दिली ती सर्व भाराची, वजनाची आहेत. व्यवहार मात्र वेगळाच होता. रणांगणावर किंवा रानात कोणी तराजू घेऊन बसत नसे. बार तोलून नव्हे, तर मापून भरला जाई. नाव वजनाचे आणि व्यवहार मापाचा, ही जी विसंगती शब्दाच्या पोटात आहे, तीच ह्या सर्व इतिहासाची किल्ली होय.

वजन आणि माप ह्यांतील भेद मराठी माणसास शिकवावा लागत नाही. सोने तोळ्यामाशाने तोलावयाचे आणि धान्य पायलीने मापावयाचे, ही विभागणी दशमान पद्धती येईपर्यंत घरोघर चालू होती. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही सारी उतरंड पोकळीची आहे, भाराची नव्हे. आणि ह्या पोकळीशी किती परींनी खेळता येते, हेही भाषेने नोंदवून ठेवले आहे. मापावर शीग लावली तर एक परिमाण, हात फिरवून काठाशी सपाट केले तर दुसरे. माप भरताना त्याला धक्का दिला, हलवले, की दाणे खाली बसतात आणि आणखी मूठभर मावतात. उंचावरून धार सोडली तर दाणे दडपून बसतात. हळूच ओतले तर सैल राहतात. बाजारातील चतुर विक्रेता घेताना एका रीतीने मापतो आणि देताना दुसऱ्या रीतीने, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच ते मापापेक्षा मापणाऱ्याच्या हाताकडे पाहत असते. दारूच्या बाबतीत नेमके हेच घडते. एवढेच की तेथे घेणारा आणि देणारा एकच असतो आणि फसगत झाली तर ती स्वतःचीच होते.

ह्या प्रश्नाचा मागोवा घेण्यास कल्याणच्या दक्षिणेकडील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा विशेष सोयीचा आहे. काडतुसाला जी द्रव्ये लागतात त्यांपैकी कवचाचे पितळ ह्याच पट्ट्यात घडत आले आहे. आधुनिक पावडरीचे जे मूलद्रव्य, सेल्युलोज, त्यावरील मोठा उद्योग येथेच उभा राहिला. आणि जुन्या दारूचा जो मोठा शत्रू, कोकणचा पावसाळा, त्याचे तर हे माहेरच आहे.

आरंभ पावसाळ्यापासूनच करणे योग्य होईल. कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतली, आणि पुढे दीड शतक हा मुलूख वेगवेगळ्या फौजांच्या जाण्यायेण्याचा राहिला. बदलापूर हे नाव येथे घोडे ‘बदलण्या’वरून पडले अशी लोकसमजूत आहे. ती लोकव्युत्पत्तीच्या सदरात टाकणे बरे. तथापि सुरतेच्या बाजूने येणारी वाट येथून जात असे, ही आठवण त्या समजुतीत टिकून राहिली आहे. १७८० च्या पावसाळ्यात मुंबईकर इंग्रजांच्या एका तुकडीने जवळच्या मलंगगडावर चाल करून खालचा भाग घेतला. वरच्या किल्ल्यातील मराठ्यांची शिबंदी मात्र टिकून राहिली. अशा ऋतूत दोन्ही बाजूंच्या दारूचे काय होत असेल, ह्याची कल्पना सह्याद्रीचा श्रावण पाहिलेल्या कोणासही करता येईल.

काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा ही तीन द्रव्ये असतात. शुद्ध सोरा हवेतील ओलावा फारसा ओढून घेत नाही. परंतु मातीतून काढलेल्या सोऱ्यात इतर क्षार मिसळलेले असतात, आणि ते पाणी शोषून घेतात. ओलसर दारू दोन प्रकारे माप बिघडवते. एक तर तिच्या वजनात पाणी शिरलेले असते, म्हणून तेवढ्याच मापात जळणारे द्रव्य कमी भरते. दुसरे म्हणजे ती गुठळते आणि मापात सारखी बसत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी जी तपशीलवार आज्ञा आहे, तिचा अर्थ ह्या दृष्टीने पाहावयास हवा. दारूचे घर वस्तीपासून दूर असावे, ही आज्ञा आगीच्या भयाने दिली आहे हे उघड आहे. परंतु तळघरात गच करावा, गचावर माच घालून त्यावर दारूची भांडी ठेवावी, सर्दी लागू देऊ नये, आणि हवालदाराने आठपंधरा दिवसांनी स्वतः येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावी, ह्या आज्ञा आगीसाठी नाहीत. त्या माप टिकावे म्हणून आहेत. ज्या दारूचा गुण दर महिन्याला बदलतो तिचा बार कितीही सारखा मापला तरी सारखा उडणार नाही, हे अमात्यांना किंवा त्यांच्या पदरच्या जाणत्या माणसांना पुरते ठाऊक होते. इतिहासकारांनी ह्या उताऱ्याचा उपयोग बहुधा दुर्गव्यवस्थेचे उदाहरण म्हणून केला आहे. तो पदार्थविज्ञानाच्या इतिहासातही जमा व्हावयास हवा.

दुसरी अडचण दारूच्या रूपाची होती. तिन्ही द्रव्ये नुसती पीठ करून मिसळली, तर गाड्यांच्या हेलकाव्यांनी जड द्रव्य खाली आणि हलके वर असे वेगळे होऊ लागते. पिंप तेच, पण वरच्या थरातील बार वेगळा आणि तळचा वेगळा. ह्यावर उपाय म्हणून दारू ओली करून तिचे दाणे पाडण्याची आणि ते चाळणीने प्रतवारी लावून वेगळे करण्याची रीत आली. दाणेदार दारूत प्रत्येक दाण्यात तिन्ही द्रव्ये बांधलेली असतात. शिवाय दाणे एका आकाराचे असले म्हणजे मापात सारखे बसतात. बार सारखा भरण्याचे निम्मे काम अशा रीतीने मापणाऱ्याच्या हातातून निघून दारू करणाऱ्याच्या चाळणीत गेले. पुढील सर्व इतिहास ह्याच दिशेने सरकला आहे.

ठासणीच्या बंदुकीचा शब्दसंग्रह मराठीत समृद्ध आहे. शिंगडा म्हणजे दारू बाळगण्याचे शिंग, गज किंवा ठासणी म्हणजे बार दाबून बसविण्याची सळई, जामगी म्हणजे पेटती वात, आणि रंजक म्हणजे कानाशी, बाहेरच्या बाजूस घालावयाची बारीक दारू. ह्यांपैकी ‘रंजक’ आणि ‘बार’ असे दोन वेगळे शब्द असणे महत्त्वाचे आहे. रंजकेचे काम केवळ पेटविण्याचे, बाराचे काम ढकलण्याचे. हा भेद शब्दांत स्पष्ट असला तरी हातात तो पुष्कळदा पुसला जाई. युरोपीय पद्धतीच्या चकमकीच्या बंदुकीसाठी कागदाच्या पुडीत गोळी आणि दारू एकत्र बांधून देत. शिपाई ती दातांनी फोडी, तिच्यातली थोडी दारू रंजकेसाठी बाहेरच्या पात्रात टाकी आणि उरलेली नळीत ओती. पुडी बांधणाऱ्याने दारू कितीही काटेकोरपणे मापलेली असो, ‘थोडी’ म्हणजे किती, हे अखेर शिपायाच्या हातावर, किंबहुना त्याच्या घाबरलेल्या हातावर, अवलंबून राही. वारा असेल तर काही उडून जाई, पाऊस असेल तर काही भिजे. एका पलटणीतील शंभर बंदुका एकाच हुकमाने सुटल्या, तरी त्यांत शंभर निरनिराळे बार असत.

तरीही कागदी पुडीने एक मोठी गोष्ट केली. तिने मापाची क्रिया लढाईच्या क्षणापासून तोडून कोठारात नेली. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून मराठीत आला, त्याच्या मुळाशी इटालियनमधील कागदाच्या गुंडाळीचा शब्द, आणि त्याच्याही मागे ‘कार्ता’ म्हणजे कागद आहे. आज पितळेच्या नळकांड्याला आपण काडतूस म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याला कागदच म्हणत असतो. ही पुडी ठेवण्याच्या कातडी पेटीला ‘तोसदान’ म्हणत. त्यातील फारसी ‘तोशा’ म्हणजे वाटखर्च, शिदोरी. मोजून बांधून दिलेली भाकर आणि मोजून बांधून दिलेला बार ह्यांना एकाच शब्दाने ओळखण्यात मोठे औचित्य आहे. कवायती पायदळाला अशी शिदोरी अपरिहार्य होती. महादजी शिंदे यांच्या पदरी द बॉयन ह्याने उभारलेल्या पलटणींसाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. एकाच तोंडाच्या हजारो बंदुका असल्याशिवाय एकाच मापाच्या पुड्यांना अर्थ नाही, आणि तशा पुड्या असल्याशिवाय कवायतीला अर्थ नाही. कवायत म्हणजे पावले जुळविणे, असे सामान्यतः समजले जाते; बार जुळविणे हा तिचा कमी दिसणारा अर्धा भाग होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रंजकेची जागा ‘केपे’ने घेतली. ठोका बसताच पेटणारे द्रव्य घातलेली तांब्याची ही इवलीशी टोपी कारखान्यात तयार होऊन येई. त्यामुळे रंजकेसाठी बारातून दारू काढण्याची गरज संपली आणि पुडीत बांधलेली सारी दारू नळीत जाऊ लागली. १८५७ च्या उठावास निमित्त झालेली एन्फील्ड रायफलीची पुडी ह्याच काळातील. तिच्यावरील चरबीची चर्चा इतकी झाली आहे की आत काय होते हे कोणी विचारीत नाही. आत अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन दारू असे. ही दारू कागदात बंद होऊन, तोलूनमापून, शेकडो मैलांवरून येत होती. शिपायाच्या हाती आता ती फोडण्यापलीकडे काही राहिले नव्हते. आणि जी एक क्रिया राहिली होती, दातांनी फोडण्याची, तिच्यावरच सारे प्रकरण पेटले.

येथे थोडे गणित करणे आवश्यक आहे. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. त्यावरून एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी अधिक भरते. एन्फील्डचा बार म्हणजे सुमारे साडेचार मासे, अथवा ३६ गुंजा. त्यात अर्ध्या गुंजेची चूक झाली तर ती शेकडा दीडही भरत नाही. नेमबाजास ती जाणवेल, पण बंदुकीस नाही. आता आधुनिक नऊ मिलिमीटर पिस्तुलाचे काडतूस घ्या. त्यातील धूररहित पावडर सामान्यतः चार ते सहा ग्रेन, म्हणजे अवघ्या दोन ते तीन गुंजा असते. तीच अर्धी गुंज येथे चुकली तर ती जवळजवळ पाचवा हिस्सा होते. बाराचा जोर जसजसा वाढत गेला तसतसे त्याचे परिमाण लहान होत गेले, आणि चुकीला मिळणारी सवड त्याहूनही लहान होत गेली. साडेचार माशांचा बार हाताच्या अंदाजाने भरता येत होता. तीन गुंजांचा बार सोनाराच्या काट्याशिवाय भरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

ही धूररहित पावडर नायट्रोसेल्युलोजपासून होते. कापूस किंवा लाकडाचा लगदा ह्यांतील सेल्युलोजवर नत्राम्लाची क्रिया केली असता हे द्रव्य मिळते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये विएय ह्याने त्याची उपयोगी पावडर केली. त्याच सुमारास त्याच देशात शार्दोने ह्याने नायट्रोसेल्युलोजचे द्रावण बारीक छिद्रांतून दाबून कृत्रिम रेशमाचा धागा काढला; १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे कृत्रिम रेशमासाठी व्हिस्कोजची निराळी पद्धत रूढ झाली. उल्हासनगरच्या हद्दीत शहाड येथे सेंच्युरी रेयॉनचा जो कारखाना १९५० नंतरच्या दशकात उभा राहिला, तो ह्या दुसऱ्या शाखेचा. युद्धकाळातील कल्याण कॅम्प, तेथे फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित, १९४९ मध्ये मिळालेले उल्हासनगर हे नाव, आणि मागोमाग आलेला हा रेशमाचा कारखाना, ही साखळी स्थानिक इतिहासात प्रसिद्ध आहे. लष्करी छावणीच्या परिसरात बंदुकीच्या पावडरीचे हे शांत भावंड येऊन वसावे, ह्यात योगायोगापेक्षा अधिक काही शोधू नये. परंतु दोघांचे कुळ एक आहे एवढे ध्यानात ठेवावे.

त्या कुळाचा एक गुण मापाच्या दृष्टीने मोलाचा ठरला. नायट्रोसेल्युलोज विरघळवून त्याचा लवचीक गोळा करता येतो, आणि गोळ्याला हवा तो आकार देता येतो. ब्रिटिशांची ‘कॉर्डाइट’ नावाची पावडर, जिचे पेटंट १८८९ मध्ये एबल व ड्यूअर ह्यांनी घेतले, ती शेवयांसारखी दोऱ्यांच्या रूपात निघे. ‘कॉर्ड’ म्हणजे दोरी, त्यावरून हे नाव. तीनशे तीन रायफलीच्या काडतुसात ह्या सुमारे साठ काड्या, एकूण ३० ते ३१ ग्रेनांच्या, जुडी करून बसवीत. म्हणजे येथे बार तोलावयाचा नाही आणि मापावयाचाही नाही, तो मोजावयाचा! जाडी ठरलेली, लांबी ठरलेली, मग काड्यांची संख्या म्हणजेच वजन. वजन आणि माप ह्यांच्या जुन्या भांडणात गणनेने केलेली ही मध्यस्थी मोठी चतुर होती. पिस्तुलाच्या आखूड काडतुसात मात्र ती चालेना, कारण तेथे जुडीला जागाच नाही. त्यासाठी कॉर्डाइट अगदी बारीक करून त्याचे तुकडे पाडावे लागले, आणि तुकडे झाले की प्रश्न पुन्हा पायलीपाशी आला.

हा पायलीचा प्रश्न आजही जसाच्या तसा आहे. अमेरिकेसारख्या देशांत नेमबाज आपली वापरलेली पितळी काडतुसे घरी पुन्हा भरतात; त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हातयंत्रे मिळू लागली. त्यांतील पावडर मापण्याच्या यंत्राचे तत्त्व साधे आहे. वर नरसाळे, खाली फिरता रूळ, रुळात कमीजास्त करता येणारी पोकळी. दांडा वर केला की पोकळी भरते, खाली केला की रिकामी होते. वरवर पाहता येथे हाताचा संबंध उरत नाही. परंतु नरसाळ्यात पावडर काठोकाठ असता खालच्या थरावर जो भार पडतो तो ती निम्मी उरली की पडत नाही. म्हणून जाणते लोक नरसाळे एका पातळीच्या खाली जाऊ देत नाहीत, किंवा आत पडदी बसवून वरचा भार वरच अडवितात. दांडा एकदा हळू, एकदा झटक्याने चालवला तर पावडर कधी सैल, कधी घट्ट बसते. म्हणून प्रत्येक फेरा एकाच लयीत व्हावा लागतो. लांब काडीच्या आकाराची पावडर रुळाच्या धारेवर अडकते, तिच्या काड्यांचा पूल होतो आणि एका बारात कमी तर पुढच्यात जास्त पडते. पापुद्र्यांसारखी पावडर त्याहून बरी, आणि मोहरीसारखे गोल दाणे असलेली सर्वांत बरी. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या ‘बॉल पावडरी’ला जी पसंती मिळाली तिचे एक कारण तिचे हे वाहतेपण होय. आरंभीचे काही बार टाकून देणे, नंतर ठरावीक संख्येमागे एक बार काट्यावर तोलून पाहणे, ही शिस्त ह्यातूनच आली. यंत्र मापते, पण निवाडा काटाच करतो.

पिस्तुलाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, आणि तो सूक्ष्म चुकीचा नसून ढोबळ चुकीचा आहे. वेगाने जळणाऱ्या पावडरीचा लहान बार काडतुसाची निम्मी पोकळीही भरीत नाही. त्यामुळे चुकून दोनदा ओतला तरी तो आत मावतो आणि गोळी वर बसते. बाहेरून काही दिसत नाही. ठासणीच्या बंदुकीत दुप्पट बार भरला तर गज बोटभर बाहेर राहून सांगत असे. येथे सांगणारा कोणी नाही. उलट बार अजिबात पडलाच नाही, तर केवळ केपेच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकते. आवाज क्षीण होतो, खराखुरा फुसका बार. आणि भरणाऱ्याने तो ओळखला नाही तर पुढची गोळी त्या अडथळ्यावर जाऊन आदळते. म्हणून गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक काडतुसात उजेड पाडून डोळ्यांनी पाहणे, हा नियम कोणत्याही यंत्राहून महत्त्वाचा मानतात.

आतापर्यंत बाराचा विचार झाला. पण बार ज्या पोकळीत जळतो ती पोकळीही सारखी हवी. पितळेची भिंत एका काडतुसात जाड आणि दुसऱ्यात पातळ असेल तर आतली जागा कमीजास्त होते आणि तोच बार वेगळा दाब निर्माण करतो. पिस्तुलाच्या इवल्या काडतुसात गोळी थोडी खोल बसली तरी दाब लक्षणीय वाढतो. अंबरनाथचे स्थान ह्या ठिकाणी येते. १९५० नंतरच्या दशकात येथे संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले. त्यांतील ऑर्डनन्स फॅक्टरीचे मुख्य काम तांब्यापितळेचे. काडतुसांसाठी लागणारे पितळी ‘कप’ येथे होत आले आहेत. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त ह्या मिश्रणाच्या पट्टीतून चकत्या पाडावयाच्या आणि त्या दाबून वाटीसारखा आकार द्यावयाचा. ही वाटी टप्प्याटप्प्याने खेचून, मध्येमध्ये तापवून मऊ करून, तिचे नळकांडे होते. ते भरण्याचे काम अन्यत्र, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीसारख्या कारखान्यांत. पट्टीची जाडी अंबरनाथला केसभर चुकली तर खडकीचा काटा कितीही अचूक असो, बार सारखा उडणार नाही.

ह्या पितळालाही पावसाळ्याने सोडले नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील फौजांना असे आढळले, की पावसाळ्यात साठवून ठेवलेली काडतुसे, विशेषतः घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली, हात न लावता आपोआप तडकतात. धातुशास्त्रात ह्या विकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. ह्यातील ‘सीझन’ म्हणजे आपला पावसाळा, ही गोष्ट ते नाव वापरणाऱ्या अनेकांच्या ध्यानातही नसते. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या संशोधकांनी त्याचे कारण उलगडले. पितळ थंडपणी खेचताना त्याच्या अंगात ताण कोंडून राहतो. पागेतील मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या पितळावर बसतो, आणि दोहोंच्या संयोगाने भेग पडते. उपाय साधा निघाला: काडतूस घडल्यावर त्याला मंद आच देऊन कोंडलेला ताण उतरवणे. आज्ञापत्रातील हवालदार दारूला ऊन देत होता. येथे पितळाला आच द्यावी लागली. दोन्हीकडे ऋतू तोच होता.

कायद्यानेही बाराची दखल घेतली आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याच्या जागी आलेल्या १९५९ च्या कायद्यात ‘दारूगोळा’ ह्या संज्ञेची व्याप्ती केवळ तयार काडतुसापुरती नाही. बंदुकीचे बार, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री ही सारी तिच्यात येतात, आणि उत्पादनास परवाना लागतो. ब्रिटिश काळात हौशी शिकारी छऱ्याची पितळी काडतुसे घरी पुन्हा भरीत. त्यासाठीच जाड पितळेची काडतुसे वसाहतींत विकली जात. ती हौस शिकारीबरोबरच मागे पडली. काडतूस सारखे भरण्याची जबाबदारी आता जवळजवळ सर्वस्वी कारखान्याकडे आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी ‘यंत्र इंडिया’कडे गेली आणि खडकी ‘म्युनिशन्स इंडिया’कडे. अशा रीतीने कवच आणि बार ह्यांची दोन वेगळी घरे कागदोपत्रीही वेगळी झाली.

कोकणात मात्र ठासणीच्या बंदुकीला पीकसंरक्षणासाठी परवाने दिले गेले आहेत, आणि ‘ठासणीची’, ‘केपाची’, ‘काडतुसाची’ असे बंदुकीचे प्रकार तेथील बोलीत आजही वेगळे ओळखले जातात. ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याचा बार गजाच्या बोटांवर ठरतो, आणि पावसाळ्यात तो दारू चुलीपासून दूर पण कोरड्या जागी टांगून ठेवतो. केप तेवढी त्यालाही कारखान्यातली आणावी लागते.